अमीना लावलची केस: दगडमाराची शिक्षा लागली कशी आणि सुटली कशी

नायजेरियाच्या उत्तरेला कत्सिना नावाचं राज्य आहे, तिथल्या कुरामी गावातली अमीना लावल ही तिशीतली घटस्फोटित बाई २००२ आणि २००३ ही दोन वर्षं जगभरच्या बातम्यांत होती. लग्नाबाहेर मूल झालं म्हणून तिला दगडांनी ठेचून मारायची शिक्षा सुनावली गेली होती. आजही इस्लामी कायदा आणि शिक्षा असा विषय निघाला की कुणीतरी तिचं नाव काढतंच, एक जण म्हणतो बघा किती क्रूर कायदा आहे, दुसरा म्हणतो अहो पण ती सुटली ना शेवटी, आणि तिथेच वाद थांबतो. ती कशी सुटली, कुठल्या मुद्द्यांवर सुटली हे फार थोड्यांना माहीत असतं. मला ही केस महत्त्वाची वाटते ती त्यासाठीच. ती ज्या कायद्याखाली अडकली त्याच कायद्याच्या आधाराने सुटली, आणि अडकली याचं कारण असं की सरकारने जुन्या ग्रंथांतली शिक्षा तेवढी कायद्यात आणली, पण ती शिक्षा देण्याआधी काय काय सिद्ध करावं लागतं हे गावातल्या कोर्टात कुणी पाळलंच नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण त्याशिवाय हे सगळं कुठून आलं ते कळत नाही.

नायजेरियात लष्करी राजवट संपून मे १९९९ मध्ये निवडून आलेलं सरकार आलं. उत्तरेतल्या झमफारा राज्याचे गव्हर्नर अहमद सानी येरिमा यांनी त्याच वर्षी जाहीर केलं की आमच्याकडे फौजदारी कायदाही शरियाचाच राहील, आणि जानेवारी २००० पासून ते सुरू झालं. बघता बघता उत्तरेतली एकूण १२ राज्यं त्याच वाटेने गेली. लोकांचा पाठिंबा होता हे मान्य करायला हवं. चोऱ्या, लाचखोरी, पोलिसांचा त्रास, वर्षानुवर्षं चालणाऱ्या केसेस, याला कंटाळलेल्या माणसाला वाटलं की देवाचा कायदा आला की श्रीमंत गरीब एकाच मापाने मोजले जातील. त्या लोकांना मूर्ख म्हणायची माझी अजिबात इच्छा नाही, त्यांना न्याय हवा होता आणि समोर जो पर्याय दिसला तो त्यांनी घेतला. प्रत्यक्षात पहिल्यांदा हात तुटला तो गाय चोरणाऱ्याचा, मार्च २००० मध्ये झमफारात.

आता एक गोष्ट जी आपल्याकडच्या वाचकाला नक्की इंटरेस्टिंग वाटेल. या राज्यांत शरिया येण्याआधी जो दंडविधान चालत होता त्याचं मूळ आपल्याकडे आहे. १८६० ची आपली आयपीसी, जिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या कमिशनने केला, ती इंग्रजांनी १८९९ मध्ये थोडी बदलून सुदानमध्ये नेली, आणि सुदानच्या नमुन्यावर १९५९ मध्ये उत्तर नायजेरियाचा पीनल कोड झाला, तो १९६० पासून लागू झाला. त्याआधी इंग्रजांच्या काळात तिथली काझी कोर्टं मालिकी पंथाचा (सुन्नी मुसलमानांच्या कायद्याच्या पंथांपैकी एक) फौजदारी कायदा चालवत होती, फक्त हात तोडणं आणि दगडमार याला इंग्रजांची परवानगी नव्हती. नवीन पीनल कोडमध्ये मुसलमानांसाठी व्यभिचार हा गुन्हा ठेवलाच होता, पण शिक्षा कैदेची. म्हणजे २००० साली जे झालं ते असं की आयपीसीच्या घराण्यातल्या त्या जुन्या कोडच्या सांगाड्यात हुदूद आणि किसासची (हे काय ते पुढे सांगतो) प्रकरणं घातली गेली, झमफाराने घाईघाईने एक मसुदा केला आणि बऱ्याच राज्यांनी तोच थोडा इकडेतिकडे करून पास केला. शेकडो वर्षांचं फिकह, म्हणजे पंडितांचा सगळा वादविवाद, शंका, अपवाद, अटी, हे काही शंभर-दीडशे पानांच्या कोडमध्ये बसत नाही, कलमात बसते ती शिक्षा. आणि खालच्या कोर्टातला जज वाचतो ते कलम.

शिक्षांचे तीन कप्पे थोडक्यात सांगतो. पहिला हुदूद, हे मोजके गुन्हे, ज्यांची शिक्षा ठरलेली आहे आणि जज तिच्यात कमीजास्त करू शकत नाही, झिना म्हणजे लग्नाबाहेरचा शरीरसंबंध, त्याचा खोटा आळ घेणं, चोरी, वाटमारी वगैरे. दुसरा किसास, खून आणि जखमांसाठी, तिथे मारल्या गेलेल्याच्या वारसांच्या हातात असतं की जिवाला जीव मागायचा, दियत म्हणजे भरपाई घ्यायची, की माफ करायचं. तिसरा ताझीर, बाकी सगळं, जे जज किंवा सरकार ठरवेल ते. अमीनाची केस पहिल्या कप्प्यातली, आणि या कप्प्यातली गंमत अशी की शिक्षा जितकी कडक तितका पुरावाही कडक मागितलेला आहे. झिनासाठी चार प्रौढ, चारित्र्यवान पुरुष साक्षीदार लागतात, आणि त्यांनी संशय आला, खोलीत जाताना बघितलं एवढं सांगून चालत नाही, फुकहांच्या, म्हणजे फिकहच्या पंडितांच्या भाषेत सुरमादाणीत सळई जाते तसं प्रत्यक्ष बघितलेलं असलं पाहिजे. चारच्या ऐवजी तिघांनीच साक्ष दिली तर तिघांनाच आळ घेतल्याबद्दल ८० फटके. ही ८० फटक्यांची गोष्ट कुराणात सूरा नूरमध्ये स्पष्ट आहे, तिथेच झिनासाठी १०० फटक्यांचीही आहे. दगडमाराची शिक्षा मात्र कुराणात नाही, ती हदीसवरून, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि कृतींच्या नोंदींवरून आलेली आहे आणि ती अशा माणसासाठी आहे ज्याचं एकदा तरी रीतसर लग्न होऊन संसार झालाय. अमीना घटस्फोटित होती, मग तिला फटके का नाहीत, दगड का, असा प्रश्न पडतो त्याचं उत्तर हे. एकदा लग्न होऊन गेलेली व्यक्ती पुढे एकटी असली तरी या हिशोबात ती विवाहितच धरली जाते.

बकोरीच्या कोर्टात काय झालं

जानेवारी २००२ मध्ये अमीनाला मुलगी झाली होती, वसीला. घटस्फोटित बाईच्या घरी बाळ, गावात चर्चा होणारच. बकोरी हे जवळचं गाव, तिथल्या शरिया कोर्टात पोलिसांनी तिला उभं केलं. फिर्याद कुणाची होती तर कुणाचीच नाही, नवऱ्याची नाही कारण नवरा नव्हता, कुणा साक्षीदाराचीही नाही. पोलिसांनी ऐकलं आणि घेऊन आले.

कोर्टात जे झालं ते वाचताना माझा जीव खरंच तुटतो. एक जज समोर. तिच्या बाजूने वकील नाही. तिला विचारलं की तुझ्यावर झिनाचा आरोप आहे, तुझं काय म्हणणं. ती हौसा बोलणारी बाई, शाळा न शिकलेली, तो अरबी शब्द कायद्यात नेमका कशाला म्हणतात, तो कबूल केला की काय शिक्षा आहे, हे तिला कुणी समजावून सांगितल्याची नोंद नाही. तिने सरळ सांगून टाकलं की हो, हे मूल झालंय, आणि याचा बाप याह्या मुहम्मद, त्याने मला लग्नाचं वचन दिलं होतं. तिच्या लेखी ती बापाचं नाव सांगत होती. कोर्टाच्या लेखी ती गुन्हा कबूल करत होती. बाळ समोरच होतं, तो दुसरा पुरावा. मार्च २००२ मध्ये शिक्षा सुनावली: दगडांनी मरेपर्यंत मारणे.

याह्यालाही बोलावलं होतं. तो म्हणाला ओळख होती, येणं-जाणं होतं, पण शरीरसंबंध नव्हता. कुराणावर हात ठेवून शपथ घेतली, आणि तो घरी गेला. त्याच्याविरुद्ध चार साक्षीदार नाहीत, कबुली नाही, पोट पुरुषाला येत नाही. डीएनए टेस्ट करता आली असती, कुणी केली नाही. दोन माणसांवर एकाच कृत्याचा आरोप, आणि एकाला सुटायला एक शपथ पुरली तर दुसरीला मरण. यावर कुणी मला कितीही समजावलं की नियम दोघांना सारखेच होते तरी मी ते मानणार नाही, कारण गर्भारपण हा पुरावा धरला की नियम सारखा राहतच नाही.

आणि इथे एक मुद्दा आहे जो बातम्यांत फारसा आला नाही. गर्भारपण हा झिनाचा पुरावा आहे हे सगळ्या सुन्नी पंथांना मान्य नाही. हनफी आणि शाफई पंथात अविवाहित बाईला दिवस गेले एवढ्यावरून हद्दची, म्हणजे हुदूदच्या कप्प्यातली ठरलेली शिक्षा होत नाही, कारण जबरदस्ती असू शकते, फसवणूक असू शकते, अजून काही असू शकतं, आणि जिथे शंका आहे तिथे हद्द नाही. मालिकी पंथात मात्र दुसरे खलीफा उमर यांच्या एका वचनाच्या आधाराने गर्भारपण पुरावा धरतात, आणि बाईने बलात्काराचं म्हणणं मांडलं तर तिच्याकडून काहीतरी खूण, आधार मागतात. पश्चिम आफ्रिकेत मालिकी पंथ चालतो, म्हणून अमीना सापडली. आपल्याकडे भारतात बहुतेक मुसलमान हनफी, कोकणी मुसलमान शाफई, (आणि अर्थात १८६२ मध्ये आयपीसी लागू झाल्यापासून भारतात इस्लामी फौजदारी कायदा कोणालाच लागू नाही), पण मुद्दा हा की हीच बाई दुसऱ्या पंथाच्या काझीसमोर उभी असती तर नुसत्या बाळाच्या पुराव्यावर केस टिकली नसती. शरिया असं सांगतो, शरिया तसं सांगतो असं जे आपण सरसकट बोलतो, त्यात कुठल्या पंथाचा, कुणाचा अर्थ, हे विचारायचं राहूनच जातं.

फुंतुआ

पहिलं अपील फुंतुआच्या वरच्या शरिया कोर्टात. आता तिच्या बाजूने वकील होते, बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या नायजेरियातल्याच संस्था मागे उभ्या राहिल्या होत्या, बाओबाब आणि रापा या त्यातल्या प्रमुख. तिने कबुली मागे घेतली. १९ ऑगस्ट २००२ ला फुंतुआने अपील फेटाळलं, शिक्षा कायम, फक्त वसीलाचं दूध सुटेपर्यंत अंमलबजावणी नाही, म्हणजे जानेवारी २००४ पर्यंत.

दूध सुटेपर्यंत थांबायचं हे कुठून आलं तर एका हदीसमधून. गामिद कबिल्यातली एक बाई प्रेषितांकडे आली आणि म्हणाली मी झिना केलाय, मला शुद्ध करा. त्यांनी तिला परत पाठवलं. ती गर्भार होती, म्हणाले बाळंत हो मग बघू. बाळंत होऊन आली, म्हणाले दूध सुटू दे. याच्याच जोडीचा दुसरा किस्सा माइझ नावाच्या माणसाचा, आणि अमीनाच्या पुढच्या अपिलासाठी तो जास्त महत्त्वाचा. माइझ येऊन म्हणाला मी झिना केला. प्रेषितांनी तोंड फिरवलं. तो दुसऱ्या बाजूने आला, पुन्हा तेच, असं चार वेळा. मग त्यांनी विचारलं, तुला वेडबिड लागलंय का, दारू प्यायलास का, नुसतं चुंबन घेतलं असशील, हात लावला असशील. प्रत्येक प्रश्न त्याला बाहेर पडायची वाट दाखवणारा आहे. शेवटी शिक्षा झाली तेव्हा दगड लागायला लागल्यावर तो पळाला, लोकांनी पाठलाग करून मारला, आणि हे कळल्यावर प्रेषित म्हणाले, अरे मग सोडून का नाही दिलात त्याला.

या शेवटच्या वाक्यावरून फुकहांनी नियम काढला की हद्दच्या गुन्ह्यात कबुली कधीही मागे घेता येते, अगदी दगड पडायला लागल्यावरसुद्धा. आणि एक मोठं सूत्र, की शंका असेल तिथे हद्द टाळा. आता फुंतुआचा निकाल बघा. त्यांनी गामिदी बाईच्या हदीसमधली दूध सुटेपर्यंतची मुदत घेतली, आणि माइझच्या हदीसमधली कबुली मागे घ्यायची मुभा सोडली. चार वेळा तोंड फिरवणारे प्रेषित आणि एका सुनावणीत कबुली लिहून घेणारं बकोरीचं कोर्ट, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. धर्माचं नाव घेऊन केलेल्या या घाईचा मला राग येतो, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त राग तो धर्म मनापासून पाळणाऱ्यांना यायला हवा.

इतर दोन केसेस

अमीनाच्या आधी एक सफिया हुसैनी होती, उत्तरेतल्याच सोकोतो राज्यातली. तिचीही कहाणी जवळपास हीच, घटस्फोट, बाळ, ऑक्टोबर २००१ मध्ये दगडमाराची शिक्षा. २५ मार्च २००२ ला, म्हणजे अमीनाला बकोरीत शिक्षा लागली त्याच महिन्यात, सोकोतोच्या अपील कोर्टाने सफियाला सोडलं. मुख्य मुद्दा होता की ज्या कृत्याचा आरोप आहे ते राज्यात नवा कायदा लागू व्हायच्या आधीचं आहे, आणि कायदा मागे जाऊन लावता येत नाही. अमीनाच्या वकिलांसाठी तो निकाल म्हणजे वाट दाखवणारा होता.

दुसरी केस झमफारातल्या एका किशोरवयीन मुलीची. तिला दिवस गेले, तिने तीन पुरुषांची नावं सांगितली. साक्षीदार तिच्याकडे नव्हते. सप्टेंबर २००० मध्ये कोर्टाने तिला १८० फटके सांगितले, १०० झिनाचे आणि ८० त्या पुरुषांवर आळ घेतल्याचे. जो ८० फटक्यांचा नियम मुळात बाईच्या अब्रूला हात घालणाऱ्यांसाठी होता तो त्या पोरीवरच उलटवला. ते ८० नंतर मागे घेतले, पण जगभरातून पत्रांचा मारा सुरू असताना, अपील चालवायची संधी न देता, जानेवारी २००१ मध्ये १०० फटके मारून झाले.

ही गोष्ट बाओबाबच्या लोकांच्या मनात पक्की बसली होती, आणि म्हणूनच पुढे त्यांनी असं काहीतरी केलं जे बाहेरच्या लोकांना कळेना.

ईमेल आणि सह्या

२००२-०३ मध्ये ईमेल फॉरवर्ड करायचा जमाना होता. अमीनाला वाचवा म्हणून लाखो सह्या गोळा होत होत्या, मिस वर्ल्ड स्पर्धा त्या वर्षी नायजेरियात होणार होती तर काही स्पर्धकांनी बहिष्कार जाहीर केला (पुढे नोव्हेंबर २००२ मध्ये एका पेपरातल्या लेखावरून कडुना शहरात दंगल पेटली, दोनशेच्या वर माणसं मेली, आणि स्पर्धा लंडनला हलली). मग २००३ मध्ये एक मेल जगभर फिरला की नायजेरियाच्या सुप्रीम कोर्टाने अमीनाची शिक्षा कायम केली आहे आणि थोड्याच दिवसांत तिला मारणार आहेत. हे पूर्ण खोटं होतं. केस कत्सिना राज्याच्या बाहेरही गेली नव्हती, शरिया अपील कोर्टात सुनावणी व्हायची होती, तिथे हरले असते तरी पुढे फेडरल अपील कोर्ट होतं, त्यानंतर सुप्रीम कोर्ट.

मे २००३ मध्ये बाओबाबच्या आयेशा इमाम आणि सिंदी मेदार-गूल्ड यांनी जाहीर पत्र काढलं, की कृपा करून ही सह्यांची मोहीम थांबवा. त्यांचं म्हणणं साधं होतं. माहिती चुकीची आहे, त्यामुळे आमची विश्वासार्हता जाते. पत्रांची भाषा इस्लामला आणि आफ्रिकेला रानटी म्हणणारी आहे, त्यामुळे जे स्थानिक लोक आमच्या बाजूने उभे राहू शकतात तेच दुखावतात. आणि राजकारणी मंडळी परकीयांना जुमानत नाही हे दाखवायला शिक्षा उलट लवकर उरकतात, झमफारातल्या मुलीचं तेच झालं. आम्ही या केसेस इथल्याच कोर्टात, याच कायद्याच्या आधाराने लढतोय आणि आतापर्यंत जिंकतोय.

मला हे पत्र या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा कागद वाटतो. लांबच्या माणसाला कळकळ असते, त्यात वाईट काही नाही, पण ज्या बाईचा जीव अडकलाय तिच्या वकिलाला काय हवंय हे आधी विचारायला नको का. बाहेरच्या दबावाचा काहीच उपयोग झाला नाही असंही मी म्हणणार नाही, नायजेरियाच्या केंद्र सरकारवर तो नक्की होता. पण कत्सिनाच्या काझींसमोर सह्यांचे गठ्ठे चालणार नव्हते, तिथे हदीस, मालिकी ग्रंथ आणि राज्याचा कायदा चालणार होता.

२५ सप्टेंबर २००३

कत्सिनाच्या शरिया अपील कोर्टात २७ ऑगस्टला सुनावणी झाली आणि २५ सप्टेंबर २००३ ला निकाल लागला. पाच जजांचं बेंच. अमीनाच्या बाजूने मुख्य वकील अलियू मूसा यावुरी, टीममध्ये हौवा इब्राहिम (यांना पुढे २००५ मध्ये युरोपियन पार्लमेंटचं साखारोव्ह पारितोषिक मिळालं). अमीना कोर्टात बसलेली, सोबत जवळपास पावणेदोन वर्षांची वसीला, भोवती पोलीस आणि जगभरचे पत्रकार. चार विरुद्ध एक अशा बहुमताने शिक्षा रद्द.

कारणं एकेक करून बघण्यासारखी आहेत. पहिलं अगदी कोरडं वाटेल असं, पण मला तेच सगळ्यात बोलकं वाटतं: राज्याच्याच कायद्याप्रमाणे बकोरीच्या कोर्टात तीन जणांनी बसायला हवं होतं, बसला एक. म्हणजे शरियाचं राज्य आणल्याचा गाजावाजा करणाऱ्या राज्यात स्वतः केलेल्या कायद्याप्रमाणे कोर्टही भरलेलं नव्हतं, आणि तेवढ्याशा कोर्टाने एका जिवाचा फैसला केला होता. दुसरं, तिला आरोप समजावून सांगितलेला नव्हता, झिना म्हणजे नेमकं काय आणि त्याचे परिणाम काय हे तिला कळल्याशिवाय तिची कबुली ही कबुलीच नाही. तिसरं, तिला बचावाची नीट संधी दिली नाही. चौथं, कबुली मागे घ्यायचा तिला हक्क होता आणि फुंतुआच्या कोर्टाने तो नाकारायला नको होता. कृत्य करताना तिला कुणी पाहिलेलं नाही, चार साक्षीदारांचा तर प्रश्नच नव्हता.

राहिलं ते बाळ. आणि इथे मालिकी पंथाचंच एक जुनं मत उपयोगी पडलं, झोपलेल्या गर्भाचं. गर्भ पोटात राहतो, मग झोपी जातो, आणि काही वर्षांनी जागा होऊन वाढायला लागतो अशी समजूत उत्तर आफ्रिकेत आणि पश्चिम आफ्रिकेत फार जुनी आहे, आणि मालिकी फुकहांनी तिला कायद्यात जागा दिली, गर्भारपणाची कमाल मुदत पाच वर्षांपर्यंत धरली. अमीनाच्या घटस्फोटाला पाच वर्षं झालेली नव्हती. म्हणजे वसीला ही आधीच्या नवऱ्याची असू शकते. असू शकते एवढंच पुरतं, कारण तेवढ्याने शंका तयार होते, आणि शंका आली की हद्द गेली.

आजच्या डॉक्टरला हे सांगितलं तर तो उठून जाईल. मीही हे शास्त्र म्हणून मानत नाही. पण जुन्या पंडितांनी हे मत का जपलं असेल याचा विचार केला की त्यांच्याबद्दल आदर वाटतो. विधवा, टाकलेली, नवरा लांब व्यापाराला गेलेली बाई, तिला मूल झालं तर तिचा जीव आणि पोराचा वारसा दोन्ही वाचतील अशी ही सोय होती. एकीकडे गर्भारपणाला पुरावा धरणारा कडक नियम, आणि त्याच पंथात शेजारीच तो नियम बोथट करणारं हे मत. दोन्ही शेकडो वर्षं एकत्र नांदले. बकोरीच्या कोर्टाने पहिला नियम लावला आणि दुसरं मत विचारातच घेतलं नाही. ते वकिलांना ग्रंथांतून शोधून कोर्टासमोर ठेवावं लागलं.

निकालाने काय केलं नाही हेही बघायला हवं. दगडमाराची शिक्षा घटनाबाह्य आहे असं कोर्ट म्हणालं नाही, शरिया कोर्टाकडून तशी अपेक्षाही नव्हती. नायजेरियाच्या घटनेत अमानुष आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध हक्क आहे, तो मुद्दा फेडरल कोर्टात गेला असता तर काय झालं असतं हे बघायची वेळ आली नाही, कारण अमीना सुटल्यावर पुढे जायला केसच उरली नाही. वकिलांनी अशिलाचा जीव बघितला, मोठ्या निकालाची हाव धरली नाही, आणि ते बरोबरच केलं. याह्याचा विषय निकालात आला नाही. तो बाप आहे की नाही हे कुणी ठरवलं नाही, त्यामुळे वसीलाच्या पोटगीचा प्रश्नही कोर्टाच्या बाहेरच राहिला. बकोरीत ज्यांनी फिर्यादीशिवाय एका बाळंतिणीला कोर्टात आणलं त्यांना कुणी जाब विचारला नाही, खरं तर चार साक्षीदार नसताना आळ घेतला म्हणून ८० फटक्यांचा तोच नियम तिथे काढायला हरकत नव्हती.

आणि पाचपैकी एक जज शिक्षा कायम ठेवावी म्हणत होता हेही विसरता येत नाही.

या १२ राज्यांत दगडमाराची शिक्षा अनेकदा सुनावली गेली, पण सरकारी हुकुमाने आजवर एकदाही अंमलात आलेली नाही. २००४ मध्ये बाउची राज्यात दोन बायकांना ती सुनावली होती, त्याही वरच्या कोर्टात सुटल्या. किसासचं मात्र तसं नाही. ३ जानेवारी २००२ ला, अमीनाला कोर्टात आणायच्या थोडे दिवस आधी, कत्सिनाच्याच शरिया कोर्टाने खुनासाठी दोषी धरलेल्या एका माणसाला कडुनाच्या तुरुंगात फाशी दिली. एक बाई आणि तिची दोन मुलं मारल्याचा आरोप होता, गुन्हा भयानकच, पण खटल्यात त्याला वकील नव्हता, आधी नाकारलेला गुन्हा त्याने पुढे कबूल केला, आणि त्याच्यासाठी जगात कुठे सह्यांची मोहीम झाली नाही.

वकील नसणं हा धागा या सगळ्या केसेसमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. अमीनाला बकोरीत नव्हता, फुंतुआला मिळाला, कत्सिनाला त्याचा उपयोग झाला. पहिल्या दिवशी कुणी शेजारी उभं राहून एवढंच म्हणालं असतं की बाई थांब, याचं उत्तर देऊ नकोस, आणि साहेब, बाकीचे दोन जज कुठे आहेत, तर पुढचं दीड वर्ष झालंच नसतं. कलमं अजून तशीच आहेत. २०२२ मध्ये बाउची राज्यातल्या निंगीच्या शरिया कोर्टाने समलैंगिक संबंधांच्या आरोपावरून तीन पुरुषांना दगडमाराची शिक्षा सुनावली, आणि त्या तिघांच्या बाजूनेही कोर्टात वकील नव्हता.